कॅमेऱ्याला ऊन लागलं

नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यात एक पुस्तिका येते. ती कुणी वाचत नाही. वॉरंटीच्या कार्डावर दुकानदाराचा शिक्का आहे ना, एवढं आपण पाहतो, गळ्यात अडकवायचा पट्टा तिथंच लावून घेतो आणि पुस्तिका खोक्यासकट माळ्यावर जाते. तिच्या शेवटच्या पानांत, वजन आणि लांबी-रुंदीच्या शेजारी, एक ओळ असते : वापरायचं तापमान 0 ते 40 अंश सेल्सिअस. जपानमध्ये बसून हे लिहिणाऱ्याला वाटलं असेल, घ्या, सढळ हातानं 40 दिले. त्या बिचाऱ्यानं जालना पाहिलेलं नसणार. आमच्याकडे एप्रिलच्या शेवटाला 40 अंश म्हणजे ‘आज जरा बरं आहे’ म्हणायचा दिवस.

फोन तर आणखी नाजूक. आयफोन 0 ते 35 अंशांत वापरावा, आणि बंद करून नुसता ठेवायचा झाला तरी 45च्या वर नको, असं कंपनीच सांगते. हा नियम पाळायचा तर आमच्या आयफोनवाल्यांनी होळी झाली की फोन कपाटात ठेवून मृगाची वाट पाहायला हवी. प्रत्यक्षात भर दुपारी मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेला फोन अंबडच्या रस्त्यानं निघालेला असतो. नकाशा चालू, गाणं चालू, पॉवर बँकेवर चार्जिंग चालू, वरून ऊन. आधी स्क्रीन मंदावते. मालक ब्राइटनेस वाढवतो. मग फोन चार्जिंग घेणं थांबवतो. मालक पिन हलवून पाहतो, फुंकर मारतो. शेवटी फोन काळ्या पडद्यावर थर्मामीटरचं चित्र काढून सांगतो की, आधी मला गार होऊ द्या, मग बोलू.

इतकं स्पष्ट आमच्याकडचा माणूस बोलत नाही. ‘ऊन सोसत नाही’ म्हटलं की तो पुण्याला राहून आलेला ठरतो. दुपारी दोनला घनसावंगीच्या बसमध्ये खिडकीशी बसलेली म्हातारी डोक्यावरचा पदर पुढं ओढते आणि ‘लई तापू राहिलं बाई’ एवढंच म्हणते. त्यात तक्रार नसते, नुसती नोंद असते. यंत्रं आली आणि पहिल्यांदाच आमच्या जिल्ह्यात उन्हाला कुणीतरी उघड नकार दिला. मला या गोष्टीची गंमत वाटते, थोडा हेवाही वाटतो.

हा नकार ऐकायचा असेल तर लग्नाला यावं. आमच्याकडे लग्नसराई ऐन उन्हाळ्यात. रान मोकळं झालेलं, माल विकून हातात चार पैसे आलेले, पोरांना सुट्ट्या. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. ग्रहताऱ्यांचं काय म्हणणं असेल ते असो, मराठवाड्यातली पत्रिका या 12.35वरून सहसा हलत नाही. लग्न मात्र लागतं दीड-दोनला, कारण 12.35ला नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची वरात, मारुतीच्या पारापाशी डीजेसमोर नाचत असतो. घोडा घामानं निथळतोय, नवरदेवाच्या कोटाला आतून अस्तर आहे, वऱ्हाडी पोरं तापल्या डांबरावर लोळून नाचतायत. या सगळ्यांपुढं, पाठमोऱ्या पावलांनी मागं मागं सरकत, काळा टी-शर्ट घातलेला शूटिंगवाला. कॅमेरा काळा, बॅग काळी, शर्ट काळा. काळा रंग ऊन पितो हे चौथीच्या पुस्तकात असतं, पण स्टुडिओचं नाव काळ्यावरच उठून दिसतं.

अशाच एका परण्यात कॅमेरा बंद पडताना मी अगदी शेजारून पाहिला. पडद्यावर आधी एक लहानसं चिन्ह लुकलुकायला लागलं. शूटिंगवाल्यानं ते पाहिलं, नवरदेवाकडं पाहिलं, पुन्हा चिन्हाकडं पाहिलं. नवरदेव नेमका मामाच्या खांद्यावर चढत होता. तो पुरता चढला, त्यानं दोन्ही हात वर केले, आणि पडदा काळा झाला. मामानं तेवढ्यात पाच-सहा उड्या मारल्या. त्या उड्यांची आता जगात कुठंही नोंद नाही.

यात कॅमेऱ्याचा तरी काय दोष? फोर-के व्हिडिओच्या एका चौकटीत सुमारे 83 लाख बिंदू असतात. सेन्सर सेकंदाला पंचवीस, कधी पन्नास वेळा ते सगळे वाचतो, प्रोसेसर ते दाबून कार्डावर लिहितो, आणि या राबण्याची उष्णता बाहेर फेकायला बहुतेक कॅमेऱ्यांत पंखा नसतो. धूळ-पाणी जाऊ नये म्हणून अंग बंदिस्त. उष्णतेला वाट एकच, कॅमेऱ्याच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेत. आता बाहेरची हवाच 42 अंशांची असली तर ती घेणार किती? 2020 साली कॅननचा आर-फाइव्ह हा कॅमेरा आला तेव्हा जगभर याच गोष्टीची चर्चा झाली. त्यात एट-के व्हिडिओ एका वेळी साधारण 20 मिनिटं निघेल, असं कंपनीनंच जाहीर केलं होतं. तेही भोवतालचं तापमान 23 अंश असेल तर. मे महिन्यात जालन्यात 23 अंश मिळवायचे म्हणजे पहाटे चारला गच्चीवर जाऊन प्रयत्न करावा लागेल, आणि तरी खात्री नाही. त्या वेळेला नवरदेव नाचत नाही.

शूटिंगवाले या पेचातून आपापली वाट काढतात. घनसावंगीकडचा एक आमच्या ओळखीचा आहे. त्याच्या गाडीत थर्माकोलचा डबा असतो. तळाशी बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या, त्यावर जाड टॉवेल, त्यावर झिपच्या पिशवीत बॅटऱ्या. बॅटरी बर्फाला थेट टेकू द्यायची नाही, यावर त्याचा कटाक्ष. कॅमेरे दोन, एक तापला की दुसरा. रेकॉर्डिंग चालू असताना मागचा पडदा तो कॅमेऱ्याच्या अंगापासून उघडून बाहेर काढून ठेवतो. तेवढ्यानंही पाठीकडून उष्णता निघायला जागा होते. वर पांढऱ्या कापडाचं आवरण, ते त्याच्या बायकोनं जुन्या धोतराचं शिवलंय. आणि एक पोरगा, छत्री धरायला.

हा छत्रीवाला पोरगा बघण्यासारखा असतो. छत्री कॅमेऱ्यावर असते. शूटिंगवाल्याचं डोकं निम्मं सावलीत. पोरगा पूर्ण उन्हात. शेजारी नवरीचा आजा पांढरा पटका बांधून उभा असतो. तो एकदा छत्रीकडं पाहतो, एकदा पोराकडं. ‘काहून रे, तुला नाही लागत का ऊन?’ पोरगा हसतो. शूटिंगवाला कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणतो, ‘बाबा, नवरदेव घामाघूम झाला तर पावडर लावता येती. कॅमेऱ्याला पावडर लावून भागत नाही.’ अधिक महिन्यात जावयाचीही एवढी बडदास्त होत नसेल.

गंमत अशी की या बडदास्तीत नवं काहीच नाही. ओलं फडकं, पांढरं कापड, सावली, आणि ऊन चढायच्या आत निघणं. आमच्या आज्या माणसांसाठी आणि भाकरीसाठी हेच करायच्या. माठाला ओलं तरट गुंडाळलं की पाणी गार का होतं, तर तरटातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं ते भराभर उडतं. मराठवाड्यातलं ऊन मारकं असलं तरी कोरडं असतं, म्हणून इथं माठही चालतो आणि वाळ्याचा कूलरही. हीच युक्ती घेऊन रत्नागिरीला गेलात तर फडकं दिवसभर ओलं राहील आणि आतला माल गरम. कॅमेऱ्याची पिशवी मोटारसायकलवर न्यायची तर बाहेरून ओली दस्ती गुंडाळावी, वारा लागू द्यावा. मात्र आतली वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात हवी. ओलं फडकं डब्याला, कॅमेऱ्याला नाही. एवढं भान राहिलं तर बॅटऱ्या मंठ्यापर्यंत सुखरूप पोचतात.

भान न राहिल्याचं उदाहरण आमच्या दाजींचं. राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी, गाडी दूर उन्हात लावलेली, फोन गाडीतच डॅशबोर्डवर. दर्शनाच्या रांगेत दोन-अडीच तास मोडले. बंद गाडी म्हणजे काचेचं घर. ऊन आत येतं, उष्णता बाहेर जात नाही. बाहेर 40 असले की तासाभरात आतली हवा 60च्या आसपास जाते, आणि काळा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी वर. दाजींनी फोन उचलला आणि गरम तव्यावरची भाकरी उचलल्यागत या हातातून त्या हातात खेळवला. घरी आल्या आल्या कुणाला न विचारता तो फ्रिजमध्ये, वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. अर्ध्या तासानं काढला तेव्हा कॅमेऱ्याच्या काचेत आतून दव. दाजींनी ते पुसायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण आतलं बाहेरून पुसणार कसं? त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या फोटोंत सगळीकडं माथेरानचं धुकं होतं. ताई म्हणाली, बरंय, उन्हाळ्यात फिरून आल्यासारखं वाटतं.

तापलेल्या फोनला करायचं ते एवढंच : चार्जर काढायचा, कव्हर काढायचं, बंद करायचा, सावलीत पंख्याखाली ठेवायचा आणि त्याच्याकडं बघत बसायचं नाही. गाडीत न्यायचा तर एसीच्या झरोक्यासमोर लावला की तो खूश. समृद्धी महामार्गावर नागपूर ते शिर्डी 520 किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर 2022मध्ये खुला झाला, तेव्हापासून आमच्याकडचे लोक एका दमात फार लांब जायला लागलेत. पुढच्या काचेला चिकटवलेला फोन एवढ्या वाटेत शिजून निघतो. उतरताना बॅग बरोबर घ्यावी. ते जमणारच नसेल तर सीटखाली, जमिनीलगत, पांढऱ्या चादरीत. पॉवर बँक मात्र उन्हातल्या गाडीत अजिबात सोडू नये. लिथियमच्या बॅटरीला थंडी परवडते, उष्णता नाही, आणि शंभर टक्के भरलेली बॅटरी तापली तर अर्धी भरलेलीपेक्षा लवकर म्हातारी होते. फुगलेली बॅटरी दिसली की लोक ती दाबून बसवायला बघतात. ती पुरी नाही, तिला दाबू नये. दुकानात द्यावी.

दवाचा धोका आमच्याकडे मे महिन्यात कमी असतो. एसी गाडीतून कॅमेरा घेऊन उतरलात तरी हवेत ओलच नसते, मग काचेवर धरणार काय? तोच प्रकार जुलैत केला की भिंग पांढरं. तेव्हा कॅमेरा बॅगेतच राहू द्यावा आणि बाहेरच्या हवेशी त्याची हळूहळू ओळख होऊ द्यावी.

आजची यंत्रं नाजूक म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी जुन्या फोटोग्राफरांचे हाल आठवावेत. आमच्या भोकरदन तालुक्याची हद्द ओलांडली की पलीकडं सिल्लोड तालुक्यात अजिंठा गाव लागतं. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल 1844 साली लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला नेमला गेला आणि पुढची कितीतरी वर्षं याच मुलखात राहिला. पुढं त्यानं फोटोही काढले. 1864 साली त्याचे शंभर स्टिरिओस्कोपिक फोटो वास्तुकलेचा अभ्यासक फर्ग्युसन याच्या मजकुरासह लंडनमध्ये पुस्तकरूपानं आले. त्या जमान्यात सर्रास चालणारी रीत ओल्या काचेची होती. काचेवर ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं कलोडियन ओतायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायचं, आणि ते ओलं आहे तोवर फोटो काढून धुऊनही घ्यायचा. थंड हवेत दहाएक मिनिटं मिळायची. आमच्या उन्हात ईथर बाटलीचं बूच काढल्याबरोबर उडायला बघणार. म्हणून पहाटे काम आणि अंधारखोलीचा तंबू पाठीवर.

मग कोरड्या काचा आल्या. त्यावर जिलेटिन. जिलेटिन म्हणजे जेलीतलंच, गरम पाण्यात ते मऊ पडतं आणि कडेनं सुटायला लागतं. दुपारी काच धुवायला घ्यावी तर फोटोतल्या साहेबाची मिशी घसरून कॉलरवर यायची. उपाय म्हणून पाण्यात बर्फ आणि तुरटी घालत. तुरटीनं थर कडक होतो. कॅमेऱ्यांच्या लाकडी पेट्यांचे सरसानं जोडलेले सांधे उष्ण देशांत उकलायचे, तेव्हा सँडरसनसारख्या विलायती कंपन्यांनी खास ‘ट्रॉपिकल’ कॅमेरे काढले. सागवानी लाकूड, सरसाच्या भरवशावर न राहता पितळी पट्ट्या आणि स्क्रू. दिसायला इतके देखणे की आज ते लोक दिवाणखान्यात ठेवतात. निजामाच्या दरबारचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ याच काळातले. हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. अचकन, दागिने, हत्ती, अंबाऱ्या सगळं त्यांच्या फोटोंत कसं ठाकठीक दिसतं. बर्फाची पाटी चौकटीबाहेर असणार.

गिलच्या चित्रांचं पुढं काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. अजिंठ्याच्या उन्हाळ्यांतून, वटवाघळांतून आणि बोटीच्या प्रवासातून त्याची तैलचित्रं इंग्लंडला धडपणे पोचली. तिथं क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. आणि 1866च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, त्या इमारतीला आग लागून बहुतेक सगळी जळाली.

उलट गोष्टही आमच्याच भोकरदनची आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा सापडला. इटलीत पॉम्पेईला 1938 साली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी त्याचं इतकं साम्य आहे की, ती मूर्ती याच भागात घडली असावी असा अभ्यासकांचा एक कयास आहे. म्हणजे इथून ती वीतभर उंचीची बाई घाट उतरून बंदरावर गेली, समुद्र ओलांडून पॉम्पेईला कुणाच्या तरी घरात जाऊन राहिली, आणि इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसची तापलेली राख सगळ्या गावावर पडली. बाई शाबूत. आज नेपल्सच्या संग्रहालयात उभी आहे. भोकरदनच्या मालाला उन्हाळा बाधत नाही, एवढंच यावरून मी धरून चाललो आहे.

आता ज्या गावात लोखंड वितळवतात तिथं 40 अंशांची मर्यादा घेऊन येणं हाच मुळात धीटपणा. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई करणारे कारखाने आहेत. लोखंड वितळतं 1538 अंशांना. पुण्याहून एक फोटोग्राफर मे महिन्यात भट्टीचे फोटो काढायला आले होते, त्यांच्याबरोबर वाट दाखवायला म्हणून मीही होतो. लांब पल्ल्याचं भिंग, लांबूनच उभे. भट्टीचं तोंड उघडलं की कॅमेरा वर, चार फोटो, लगेच खाली, मागं सरकून पंख्यापाशी. हवा मध्ये असली तरी भट्टीची धग सरळ उजेडासारखी अंगावर येते, म्हणून भिंगाचं तोंड क्षणभरही उगाच तिकडं ठेवायचं नाही. सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. तरी जेवणाच्या सुट्टीआधीच कॅमेऱ्यानं अंग टाकलं. पाहुण्यांनी तो पुसला, बॅटरी काढली, बॅगेत ठेवला. भट्टीपुढचा कामगार लांब सळईनं आतला माल ढवळत होता, पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, तोंडाला रुमाल. त्यानं हे सगळं पाहिलं असावं. सुट्टी झाल्यावर त्यानं डोक्यापाशी टांगलेली प्यायच्या पाण्याची बाटली काढली, तिला ओलं फडकं शिवलेलं होतं. पाहुण्यांना देत म्हणाला, ‘घ्या साहेब. आधी तुम्ही प्या, मग त्याला पाजा.’ पाहुण्यांनी ती घेतली आणि बरंच पाणी प्यायले. कॅमेरा दुपारी चारनंतर सुरू झाला. तोवर कामगाराची पाळी संपत आली होती.

पण लग्नाचं सांगायचं राहिलं. घनसावंगीच्या त्या शूटिंगवाल्यानं यंदा बिलात एक नवी ओळ घातली. अल्बम, पेन ड्राइव्ह, ड्रोन, आणि खाली ‘बर्फ’. पुढं तीनशे रुपये. नवरीच्या बापानं चष्मा लावून बिल वाचलं आणि बोट बरोबर त्या ओळीवर ठेवलं.

‘बर्फ कशाचा? पंगतीत तर कुठं दिसला नाही.’

‘पंगतीत नाही काका, कॅमेऱ्याला.’

‘कॅमेऱ्यानं खाल्ला?’

‘काका, बॅटऱ्या गार ठेवाव्या लागतात. नाहीतर मंगलाष्टकात बंद पडला असता.’

‘अन् ड्रोन कुठं उडाला?’

‘तो नाही उडाला. त्याची बॅटरी तापली होती.’

‘मग त्याला नाही का दिला बर्फ?’

शूटिंगवाल्यापाशी याला उत्तर नव्हतं. ड्रोनचे निम्मे पैसे कमी झाले. बर्फाचे दीडशे नवरीकडचे, दीडशे नवरदेवाकडचे, असं ठरलं. नवरदेवाच्या मामानं खिशात हात घालता घालता विचारलं, ‘माझ्या उड्या आल्यात ना त्यात?’